एक उशी, दोन उशा, मग मी

मित्रांनो, कापडाच्या जुन्या दुकानात मालकाच्या पाठीशी जो लांबट, गोल तक्क्या ठेवलेला असतो, त्याला लोड म्हणतात. मी तसाच एक लोड आहे. माझी शिवण आता उसवली आहे आणि आतला कापूस गोळा होऊन एका कुशीला आला आहे. पण सांगण्यासारखे माझ्याजवळ अजून पुष्कळ आहे.

नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी होती त्या काळातली ही गोष्ट. इतवारीतल्या एका पिंजाऱ्याने मला ठोकून ठोकून भरले, वर पांढरी खोळ चढवली आणि नत्थूजींच्या लुगड्यांच्या दुकानात गादीवर आणून ठेवले. नत्थूजी तेव्हा चाळिशीचे होते. सुरुवातीची काही वर्षे मला कामच नव्हते म्हणा ना! गिऱ्हाईक आले की हा माणूस उठायचा, वरच्या फळीवरचे लुगडे स्वतः ओढून काढायचा, पदर फडकन उलगडून दाखवायचा. पाठ टेकायला त्याला सवड कुठली?

मग हळूहळू ते माझ्यावर रेलू लागले. दोन लुगडी काढली की दम खायला बसायचे. चपलेचा पट्टा पायात रुतायचा. सदरे घट्ट झाले, म्हणून शिंप्याने ते सैल करून दिले. शेजारचे भांडीवाले ओमप्रकाश कौतुकाने म्हणाले, "नत्थूजी, तब्येत बनली तुमची. भाभीच्या हातची करामत दिसते."

नत्थूजी हसले. मला मात्र पाठीवरून कळत होते, की हे अंग भरलेले नाही. भरलेल्या अंगाचा भार घट्ट असतो, हा भार ओल्या गोणीसारखा होता. पण लोडाचे ऐकतो कोण?

घरीही तेच चालले होते. आडवे झाले की त्यांची छाती भरून यायची. आधी एका उशीवर भागत असे, मग दोन लागू लागल्या. शेवटी त्यांनी मला दुकानातून घरी नेले. मला पाठीशी घेऊन ते बसल्या बसल्याच झोपू लागले. जेवणावरची वासना उडाली, म्हणून त्यांची बायको कौशल्या पानात लोणचे वाढी, पापड भाजून देई, तोंडाला चव यावी म्हणून. तिच्या लोणच्याची साऱ्या आळीत तारीफ होती. एके दिवशी तिने त्यांचे पाय दाबून दिले, तर बोट रुतले तिथे खड्डा पडला आणि तो भरेचना. तिने तेव्हाच डॉक्टरांना बोलावणे धाडले.

डॉक्टर वामनराव आले. पाय पाहिले, मानेची फुगलेली शीर पाहिली, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकले आणि विचारले, "लहानपणी कधी सांधे सुजून ताप आला होता का?"

"आला होता," नत्थूजी म्हणाले. "दहा-बारा वर्षांचा असीन. आधी गुडघे सुजले, मग मनगटं. मग आपोआप उतरला. मी तं विसरूनही गेलो."

"तुम्ही विसरलात, हृदय नाही विसरलं. हृदयात रक्ताच्या वाटेवर झडपा असतात. त्या तापाने तुमची एक झडप आखडली. इतकी वर्षं हृदयाने जोर लावून निभावलं, आता ते थकलंय. याला हार्ट फेल्युअर म्हणतात."

कौशल्याने 'फेल' एवढेच ऐकले. "म्हंजे बंद पडलं का जी?" तिने विचारले.

"तसं नाही, कौशल्याबाई," डॉक्टर म्हणाले. "हृदय बंद पडलेलं नाही, कामाला कमी पडतंय. तुमच्या इतवारीच्या गल्लीत तोंडाशी एक हातगाडी अडली, की मागे काय होतं?"

"मांगं साऱ्या गाड्या तुंबते."

"तसंच. रक्त पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. फुप्फुसात तुंबलं की दम लागतो, आडवं होववत नाही. यकृतात तुंबलं की भूक मरते. पायात पाणी उतरतं. आणि शरीराला रक्त कमी पोचतं, म्हणून थकवा. त्यात मीठ खाल्लं की शरीर आणखी पाणी धरून ठेवतं."

"मंग मीच यायले लोणचं चारून राहिली होती," कौशल्या हळूच म्हणाली.

"तुम्ही मायेनं चारलंत. आता मायेनंच बंद करा."

डॉक्टरांनी लघवी सुटण्याची सुई दिली, थेंबांचे औषध लिहून दिले. थोड्याच दिवसांत पाणी उतरले आणि नत्थूजींचे अंग निम्मे झाले. माझी जागा पुन्हा दोन उशांनी घेतली. कौशल्याने लोणच्याची बरणी शेजारी देऊन टाकली आणि स्वतःही अळणी जेवू लागली. नत्थूजी म्हणाले, "तू काहून खातं वं असं?"

"माह्या पानात मीठ असलं तं तुमचा हात तिकडंच जाईन," ती म्हणाली.

पण मित्रांनो, बरे वाटू लागले की माणसाला औषध नकोसे होते. दिवाळीत नत्थूजींनी थेंब सोडले. "आता कायले पाहिजे? मले काही होऊन नाही राहिलं," म्हणाले, आणि घरोघरच्या फराळाला बसले. चिवडा, शेव, चकली. भाऊबीज झाली आणि ओठ निळसर पडले. दोन शब्द बोलले की धाप लागायची. डॉक्टर पुन्हा आले. या वेळी पाणी उतरायला फार दिवस लागले, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "औषधाने झडप नवी होत नाही. औषध तुम्हाला उभं ठेवतं. ते सोडाल, तर पुढच्या वेळी माझ्या हातात काही नसेल. आणि ओझी उचलणं आता कायमचं बंद."

दुकान मोडावे, असे नातलग म्हणू लागले. कौशल्याने ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी पदर खोचून, मला काखेत घेऊन परत दुकानात आली. इतवारीत गादीवर बाई बसलेली कुणी पाहिली नव्हती. लोक मुद्दाम डोकावून जात. ती लुगडी काढी, नत्थूजी माझ्यावर टेकून भाव सांगत. गिऱ्हाईक बायकाच, त्या मोकळेपणी तिच्याशी बोलू लागल्या. धंदा मोडला नाही.

तशी बरीच वर्षे गेली. मग झडप अधिकच आवळत गेली. औषधे चालू होती, पथ्य चालू होते, तरी एका दुपारी दुकानातच नत्थूजींनी माझ्यावर मान टेकली आणि ते गेले. कौशल्या हाताशीच होती.

समाचाराला आलेल्या एक बाई म्हणाल्या, "एवढे दिवस अळणी गिळलं त्याहिनं. काय मिळालं शेवटी?"

कौशल्या शांतपणे म्हणाली, "आमच्या पोरीच्या, लतिकाच्या लग्नात कन्यादान केलं त्याहिनं. नातू मांडीवर खेळवला. हेच मिळालं, बाई."

मित्रांनो, मी आता अडगळीत आहे, त्याचे मला दुःख नाही. एवढेच मागतो. तुमच्या घरात कुणी पायऱ्या चढताना मधेच थांबत असेल, कुणाच्या पायावर बोटाचा खड्डा राहत असेल, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. आणि पोराचे सांधे सुजून ताप आला, तर तो उतरल्यावरही त्याची छाती एकदा डॉक्टरांकडून ऐकून घ्या.