बारा जणी

वाळवीने मुलांचं क्रिकेट सोडलं होतं आणि मुलींची कबड्डी खाल्ली होती. जिमखान्याच्या लाकडी कपाटात मुलांच्या संघांची रजिस्टरं वरच्या फळीवर असत, मुलींची खालच्या. वाळवी खालून आली. मंजुश्रीने हात घालून एक रजिस्टर उचललं, तर पुठ्ठा तेवढा हातात आला आणि पानं भुगा होऊन चपलेवर सांडली.

"आता काय करायचं सर?"

"करायचं काय? फोन लावायचे," क्रीडा संचालक शालिग्राम सर खुर्चीतून न उठता म्हणाले. "तुम्ही स्वतःच त्या कबड्डीच्या टीममध्ये होत्या ना मॅडम? जिता-जागता रेकॉर्ड! अजून काय पाहिजे?"

कॉलेजला पन्नास वर्षं होत होती. स्मरणिका निघणार होती आणि तिच्यात संघांचा इतिहास लिहायचं काम मंजुश्रीकडे आलं होतं. एकतर ती मराठी शिकवायची, दुसरं म्हणजे ती तासिका तत्त्वावर होती. तासिकेवरच्या माणसाला नाही म्हणायची सोय नसते. जूनमध्ये ऑर्डर, उन्हाळ्यात घरी, पुन्हा मुलाखत, पुन्हा तेच हसणं. यंदा तर तिने वर एक मागणंही मागितलं होतं, पहिले चार तास मिळावेत म्हणून. म्हणजे एकला निघून दोनच्या आत डोणगावला घरी. दोनदा पोटातलं गेल्यावर लग्नाच्या सातव्या वर्षी माया झाली होती. दहा महिन्यांची पोर सासू कलाबाईंपाशी ठेवून वर्गात उभं राहिलं की मंजुश्रीचं अर्धं डोकं घरीच असायचं. दर तासानंतर फोन. जेवली का, अंग गरम तर नाही ना, खिडकीपाशी नका झोपवू.

"अवं, म्या तीन वाढवले," कलाबाई ओरडायच्या. "त्याईले का कुत्र्यायनं वाढवलं?"

ते चार तास संस्थेच्या अध्यक्षांनी, तुळशीराम भाऊंनी, प्राचार्यांना फोनवर सांगून लावून दिले होते. कागदावर काही नव्हतं. तोंडी दिलेलं तोंडीच परत घेता येतं, हे मंजुश्री रोज स्कुटी चालू करताना आठवायची.

पण लिहायला बसली आणि तिला गोडी लागली. २०१३चा मुलींचा कबड्डी संघ. पन्नास वर्षांत विद्यापीठाचं आंतरमहाविद्यालयीन विजेतेपद आणणारा मुलींचा एकच संघ. शोधून शोधून तिने अकरा जणी गाठल्या, बारावी ती स्वतः. रेणुका पोलिसात होती. वंदनाचा नवरा सरपंच होता. बाकीच्या कुठे नर्स, कुठे शिक्षिका, कुठे नुसत्याच कुणाच्या सूनबाई. सगळ्यात उशिरा सापडली पंचफुला. माहेर दुसरबीडचं, दिलेली तिकडे संग्रामपूरच्या बाजूला. डाव्या कोपऱ्यावर उभी राहायची आणि चढाईला आलेल्या पोरीचा घोटा असा धरायची की पोरगी तोंडघशी. अंतिम सामन्यात शेवटच्या चार पकडी तिच्याच. तिचा नंबर भावाकडून मिळवायला दोन दिवस गेले.

"कोन मंजी? अवं, अजून जिती हायेस का तू!" पंचफुला एवढ्या जोरात हसली की मंजुश्रीने फोन कानापासून लांब धरला. "माहं नाव पुस्तकात? छापून?"

"छापून."

"मंग माहेरचंच आडनाव टाकजो वं. तवा मी तेच होती."

मंजुश्रीने टाकलं. प्रत्येकीच्या नावापुढे गाव आणि मैदानावरची जागा लिहिली. सरांनी वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"फार छान. वाचताना मी मैदानावर गेलो. फक्त एक नाव राहिलं मॅडम."

"कोणाचं?"

"अनुपमाताईंचं."

अनुपमा म्हणजे तुळशीराम भाऊंची सून. एक वर्ष मागे होती याच कॉलेजात. स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करायची, आवाज गोड होता. मैदानावर मंजुश्रीने तिला एकदाही पाहिलं नव्हतं.

"सर, त्या खेळत नव्हत्या."

"सरावाला यायच्या म्हणे."

"कधी?"

"मॅडम." सरांनी दाराकडे पाहिलं. "जिल्ह्याच्या कबड्डी संघटनेत त्यांचं नाव चाललंय. तिथं माजी खेळाडू लागते. काल भाऊंचा फोन होता. तुमचीही चौकशी केली बरं का. म्हणाले, त्या डोणगाववाल्या मॅडमचं टाइमटेबल जमलं ना नीट? लेकरू लहान आहे त्यांचं."

यातून अंग कसं काढावं हे मंजुश्रीला सुचेना, आणि मग एकदम सुचलं.

"पण सर, संघ बाराचाच असतो. तेरा नावं छापली तर कुणीही हसेल आपल्याला."

तिला वाटलं, सुटले. सरांनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हे बरं लक्षात आणून दिलं तुम्ही. माझ्या ध्यानातच नव्हतं. मग एक काढा. कोणतं ते तुम्हीच ठरवा, तुमच्या मैत्रिणी आहेत."

त्या दुपारी मायाला मांडीवर पाजत ती यादी समोर घेऊन बसली. रेणुकाला हात लावायची हिंमत नव्हती. ती वर्दीतच येऊन कॉलरला धरेल. वंदनाचं काढावं तर सरपंच येईल. बाकीच्या आठ जणी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर होत्या, त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असतं. स्वतःच्या नावावरून पेन्सिल दोनदा गेली. इतिहास लिहिणारीच संघात नाही म्हटल्यावर कसं दिसेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

पंचफुलाचा फोन बटणांचा होता. ती ग्रुपवर नव्हती. संग्रामपूर कुठे, डोणगाव कुठे. स्मरणिका तिकडे जाणार नव्हती आणि गेली तरी उघडून पाहायला कुणाला वेळ होता.

नवरा, प्रसेनजित, दुकानातून जेवायला आला तेव्हा तिने त्याला विचारलं. तो ताटावरून मान वर न करता म्हणाला, "काढून टाक. एका नावानं काय होते? माया पाहावं का पंचफुला?"

हेच तिला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. ऐकल्यावर मात्र त्याचा राग आला.

स्मरणिका निघाली. मांडवात शाली वाटल्या गेल्या. सोहळा संपल्यावर अनुपमाताई आपणहून मंजुश्रीपाशी आल्या, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "किती सुंदर लिहिलंत हो मॅडम. सगळे दिवस डोळ्यांपुढे उभे राहिले."

"हो ना," मंजुश्री म्हणाली.

दोन महिने काही झालं नाही. तास पहिले चारच राहिले. माया भिंत धरून उभी राहायला लागली. आणि एका मंगळवारी दुपारी मंजुश्री स्कुटी लावून आत आली तर पंचफुला ओसरीवर बसलेली, मांडीवर माया, समोर कलाबाई. दोघींच्या गप्पा रंगलेल्या.

"तीन गाड्या बदलल्या वं तुह्यासाठी! पहाटी पाचची निंघाली," पंचफुला म्हणाली. केस कानांवर पिकले होते, दंड अजून तसेच. "पोरगी तुह्यावर नाही गेली, बरं झालं. चांगली हाय."

चहा झाला. मग तिने पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. संग्रामपूरकडे एका आश्रमशाळेत मुलींच्या वसतिगृहावर बाई पाहिजे होती, राहायची, पोरींना खेळ शिकवायची. पंचफुलाची निवड जवळजवळ झालेली. नवरा गेल्यापासून ती दिराच्या घरात राहत होती आणि ते राहणं कसलं होतं हे तिने सांगितलं नाही, नुसती मान हलवली. शाळेने रीत म्हणून तिच्या खेळाच्या प्रमाणपत्राबद्दल कॉलेजला विचारलं होतं. हा कागद कॉलेजचं उत्तर होता. उपलब्ध अभिलेखांनुसार सदर नाव संघात आढळून येत नाही. खाली शालिग्राम सरांची सही. वाळवीनंतर अभिलेख म्हणून स्मरणिकाच तेवढी उरली होती.

"ते म्हणतात, बाई, तुमचं सर्टिफिकेट नकली हाय का? म्या म्हनलं, कारकुनाची चूक असन. आमच्या मंजीनं पुस्तक लिवलं, तिच्यापाशी जातो. सोमवारपर्यंत मुदत देल्ली त्याईनं. तू सांग ना जरा तुह्या सायबाले."

"सांगते," मंजुश्री म्हणाली. "सांगते मी."

"आन् पुस्तक दाखव ना. पाहू तं दे माहं नाव."

"पुस्तक... कॉलेजातच आहे वाटतं."

"कॉलेजात काऊन?" कलाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "हे काय, फडताळात तं हाय." आणि त्यांनी ते झटकून पंचफुलाच्या हातात दिलं.

पंचफुलाने पान शोधलं. नावांवरून बोट फिरवत खाली आली. पुन्हा वर गेली. या वेळी मोजत गेली, ओठ हलत होते. माया तिच्या बांगड्यांशी खेळत होती.

"अनुपमा कोन?"

मंजुश्रीने सांगितलं. सुरुवातीपासून सांगितलं, भाऊंचा फोन, चार तास, बाराचा हिशोब. सांगताना तिच्याच कानांना ते सगळं खरं आणि फालतू वाटत होतं. कलाबाई मधेच उठून आत गेल्या.

"बारातून एक काढाचं होतं," पंचफुला म्हणाली. "मंग माहंच काऊन?"

मंजुश्रीपाशी उत्तरं पुष्कळ होती. तिने त्यातलं खरं दिलं.

"मले वाटलं, तुले माहीतच पडणार नाही."

पंचफुलाने पुस्तक मिटलं. "म्हंजे बाकीच्याईले भेली तू. मले नाही भेली." मायाला अलगद खाली ठेवलं आणि पदर झटकला. "सोमवार हाय, ध्यानात ठेव. गावात माही मावससासू हाय, मी तिच्याकडं थांबतो. तुह्या इथं नाही."

दुसऱ्या दिवशी पहिला तास सोडून मंजुश्री सरांसमोर उभी राहिली. सर भडकतील असं तिला वाटलं होतं. ते भडकले नाहीत, उलट खुर्ची पुढे सरकवली.

"गरीब बाईचं नुकसान नको, मलाही पटतं. शुद्धिपत्रक काढू. छापील चिठ्ठी, पानावर चिकटवायची. विषय संपला. मग शाळेला सुधारित पत्र देतो मी."

"म्हणजे अनुपमाताईंचं नाव..."

"ते कुठं जात नाही मॅडम. ते जिल्ह्याला कळवून झालं. पंचफुलाबाईंचं घालू."

"मग तेरा होतात सर."

"तेरा कसे? बाराचाच असतो ना संघ? तुम्हीच तर म्हणाल्या." सर पंख्याकडे पाहत राहिले. "तुम्हाला काही कुठं सर्टिफिकेट लागत नाही. नोकरी आहे, घर आहे, देवाच्या दयेनं लेकरू आहे."

मंजुश्रीच्या डोळ्यांसमोरून यादी पुन्हा एकदा सरकली. रेणुका, वंदना, ग्रुपवरच्या आठ जणी. एकीच्याही नावाला हात लावता येत नव्हता. न बोलणारी आता एकच उरली होती.

"मजकूर काय घालायचा?" तिने विचारलं.

"घाला, संपादकांच्या नजरचुकीमुळे. संपादकांच्याच घाला हं, छापखान्याच्या नको. ते लोक भांडतात."

तिने तिथेच, सरांच्याच पेनने लिहिलं. स्वतःचं नाव, 'ऐवजी', पंचफुलाचं नाव, 'असे वाचावे'. खाली सही केली. मराठीची बाई म्हणून शुद्धलेखन एकदा तपासलं.

शनिवारी पत्र तयार झालं. पंचफुला कॉलेजच्या व्हरांड्यात उभी राहून ते वाचत होती. शुद्धिपत्रकाची एक प्रत मागे टाचलेली होती. ती दोनदा वाचून तिने मान वर केली.

"तुहं काढलं?"

"हाव."

"आन् ते?"

"ते राह्यलं."

पंचफुलाने पत्राची नीट घडी घातली, प्लास्टिकमध्ये गुंडाळली, पिशवीच्या तळाशी ठेवली. मैदानावर मुलांचं क्रिकेट चाललं होतं, कुणीतरी चेंडूसाठी ओरडत होतं.

"मले बरं वाटावं म्हनून केलं का?"

"नाही. तुहं काम व्हावं म्हणून."

"काम झालं." ती पायऱ्या उतरली, दोन पायऱ्यांवर थांबली. "पाह्य मंजे, तुहं नाव गेलं तवा तुले इचारलं तरी. माहं गेलं तवा मले कोनी इचारलं नाही."

मंजुश्रीला म्हणायचं होतं, जेवून जा. म्हणायचं होतं, पोहोचली की फोन कर. एकला दहा मिनिटं कमी होती. पंचफुला फाटकापर्यंत गेली, उजवीकडे वळली, बसस्टँडच्या रस्त्याला लागली. मागे पाहिलं नाही.

"मॅडम!" शालिग्राम सर दारात आले. "तीनशे प्रती आहेत ऑफिसात शिल्लक. चिठ्ठ्या आल्यात. शिपाई लोक वाकड्यातिकड्या लावतात हो. तुम्ही नेता का घरी? बाळाजवळ बसल्याबसल्या होऊन जाईल."

स्कुटीच्या पुढे पायांत दोन गठ्ठे, मागे एक. घरी आल्यावर तिने मायाला पाजलं, झोपवलं, खिडकीची फळी लावून घेतली. मग खाली चटईवर बसली. डिंकाची बाटली, ओला बोळा, चिठ्ठ्यांचा गठ्ठा. पान एकेचाळीस. चिठ्ठी सरळ बसली पाहिजे, कड उचलता कामा नये. पहिल्या वीस प्रतींत तिने स्वतःचं नाव प्रत्येक वेळी वाचलं. नंतर हात आपोआप चालायला लागले.

कलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मंगळवारपासून त्या सुनेशी कामापुरतंच बोलत होत्या.

"काय चिटकवून राह्यली?"

"चूक झाली होती पुस्तकात."

"कोनाची?"

चिठ्ठीवर ते छापलेलंच होतं.

"माझी," मंजुश्री म्हणाली आणि पुढची प्रत ओढली.