मुहूर्तावर चढवलेली वेबसाइट

२००८ साली भारतातल्या मुलांना ऑस्ट्रेलियात प्रवेश मिळवून देण्याचा धंदा तेजीत होता. सिडनीच्या हॅरिस पार्कमध्ये मिठाईच्या दुकानावर विश्रामची अशीच एक कंपनी होती. त्याच्या कार्डावर इतकी पदं छापली होती की फोन नंबर मागच्या बाजूला गेला होता. माझी मुलगी लीना तिथे प्रोग्रामर होती.

नवी वेबसाइट दसऱ्याला सुरू करायची ठरली. मी निवृत्त शिक्षक, वयाने सगळ्यांत मोठा, म्हणून नारळ फोडायला मला बोलावलं.

"सेटिंग्जची फाइल बदलायची राहिलीये, विश्राम," लीना म्हणाली. "लॅपटॉपवरची वेगळी, लोकांसाठीच्या लाइव्ह साइटची वेगळी."

"कोड एकच ना? मग फाइली दोन कशाला? तुम्ही लोक कामं वाढवता."

"जरा वेळ दे."

"मुहूर्त टळतोय, मेट. नंतर बघू. नो वरीज."

त्याने लॅपटॉपवरचं होतं नव्हतं ते सगळं लाइव्हवर चढवलं आणि फोटोसाठी हसला. लाइव्हचा पासवर्ड स्वतःकडेच ठेवला. सिक्युरिटी म्हणे. लीनाने पुढे दोनदा आठवण करून दिली, तेव्हा साइट छान चालली आहे, असं त्याने तिला ऐकवलं.

घोटाळा साधा होता. साइट तयार होत असताना तिच्यातून निघणारी प्रत्येक मेल चाचणीच्या एका पेटीत पडे. उगाच खऱ्या विद्यापीठाला काही जायला नको म्हणून. साइट लाइव्ह करताना सेटिंग्जच्या फाइलीत त्या पेटीऐवजी विद्यापीठाचा पत्ता घालायचा असतो. सरावाच्या कागदावर लिहिलेलं उत्तर बरोबर असलं तरी त्याला गुण मिळत नाहीत, हे माझ्या पाचवीच्या मुलांना कळायचं. विश्राम मात्र डायरेक्टर होता.

ओजस माझा नाशिकचा विद्यार्थी. फेब्रुवारीच्या प्रवेशासाठी विद्यापीठाने जागा देऊ केली, तेव्हा त्याने विश्रामच्या साइटवर होकाराचं बटण दाबलं आणि पडद्यावर अभिनंदन झळकलं. मुदत संपल्यावर विद्यापीठाने कळवलं की होकार मिळालाच नाही, जागा रद्द.

"मी दाबलं होतं हो, सर," तो फोनवर सांगत होता. "घरी पेढे पण वाटले."

लीनाने चाचणीची पेटी उघडली. ओजसचा होकार तिथे होता, मुदतीच्या आधीचा. तिच्यासाठी डबा घेऊन मी ऑफिसात पोचलो, तेव्हा ती विश्रामसमोर उभी होती. चूक आमची होती, असं एजंटने, म्हणजे विश्रामच्या कंपनीने, आज लेखी दिलं तर जागा परत देऊ, असं विद्यापीठाने तिला सांगितलं होतं.

"त्याचं इंटरनेट खराब होतं, असं लिहू," विश्राम म्हणाला.

"मेल आपल्या पेटीत आहे. तारखेसकट."

"आपली चूक म्हटलं तर उद्या आपल्याकडे कोण येईल? काका, तुम्ही तरी समजवा हिला. जुलैत मिळेल की दुसरी सीट."

"त्याचे सहा महिने जातील," मी म्हणालो.

"तरुण आहे हो तो."

मठ्ठ म्हटली जाणारी पुष्कळ मुलं मी शिकवली. कळलं नाही की ती तसं सांगत. त्यांना पुन्हा शिकवण्यात मला कधी कंटाळा आला नाही. विश्रामला सगळं कळलं होतं. त्याला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

"माझं नाव घाल," लीना म्हणाली. "माझ्या हातून चूक झाली म्हण. पण आत्ता पाठव, आणि पासवर्ड दे."

एक पत्ता बदलायला ज्याला सवड नव्हती, त्याने ते पत्र बसल्या बैठकीला लिहिलं. कनिष्ठ कर्मचाऱ्याचा अक्षम्य निष्काळजीपणा, तीव्र खेद, कठोर कारवाई. लीनाचं पूर्ण नाव त्याने दोनदा घातलं.

दुपारी विद्यापीठाचं उत्तर आलं. ओजसची जागा परत मिळाली. लीनाने लाइव्हची फाइल वेगळी केली, पत्ता बदलला, अडकलेले बाकीचे होकार मुदतीत पुढे पाठवले आणि मग राजीनामा टाइप केला.

विश्रामने तो वाचला आणि मोठ्या मनाने परत तिच्याकडे सरकवला.

"राजीनामा कशाला, लीना? चुका होतात माणसाकडून. मी मनावर घेतलेलं नाही."

लीनाने कागद पुन्हा त्याच्यासमोर ठेवला आणि पर्स उचलली.

"चला, बाबा," ती म्हणाली. "डबा घरीच खाऊ."