खडूची खूण

नेडीनला त्या गाडीचा अगदी वीट आला होता. सदुसष्ट सालची लाल कॉर्व्हेट, दोन सीटची स्पोर्ट्स कार, इथल्याच सेंट लुईसच्या कारखान्यातून निघालेली. तिच्या नवऱ्याने, वेंडेलने, ती अकरा वर्षांपूर्वी घेतली आणि अकरा वर्षांत अकरा मैलसुद्धा चालवली नाही. प्रदर्शनाला न्यायची तर ट्रेलरवर चढवून, वर मऊ दुलई पांघरून! एवढे लाड बाळंतिणीचेसुद्धा कुणी करत नाही.

आणि तिचे वडील ऑर्विल? त्यांनी बावीस वर्षं त्याच कारखान्यात काढली. हजारो कॉर्व्हेट हाताखालून गेल्या, पण चालत्या कॉर्व्हेटमध्ये कधी बसले नाहीत. कॉर्व्हेटवाले रस्त्यात भेटले की एकमेकांना हात करतात. ओसरीवर बसलेले बाबासुद्धा जाणाऱ्या प्रत्येक कॉर्व्हेटला हात करायचे, उलट हात कुणी करत नसे. आता एकोणनव्वदाव्या वर्षी, परवा सोमवारी, ते मुलाकडे टेक्सासला निघाले होते, कायमचे. "एक चक्कर मारून आण रे त्यांना," असं नेडीनने महिनाभर घोकलं. वेंडेलचं पालुपद एकच, "आधी प्रदर्शनातलं परीक्षण होऊ दे."

म्हणून शनिवारी सकाळी प्रदर्शनाच्या मैदानावर, वेंडेल कॉफी आणायला गेला तेव्हा, काम लवकर उरकावं म्हणून तिने ओलं फडकं घेऊन बॉनेटखाली पुसायला घेतलं. तो परत आला आणि किंचाळलाच.

"खूण पुसलीस?"

"कसली खूण? खडूचा डाग होता!"

"बोल्ट तपासून कारखान्यातल्या माणसाने केलेली खूण होती ती! गाडी निघाली तश्शी लागते परीक्षकांना. सगळी फिकटली होती, पण होती!"

"मग सांगायचं नाही आधी? धूळ दिसली तरी ओरडतोस, पुसली तरी ओरडतोस. डोकं आपटून घेऊ का आता?"

घडीच्या खुर्चीतून ऑर्विल हळूहळू उठले आणि बॉनेटखाली डोकावले.

"स्टिअरिंगचा बोल्ट. कारखान्यात या कामावर मीच असायचो, जावईबापू. खडू आणा."

नावनोंदणीच्या टेबलावरून खडू आला. डाव्या हाताने त्यांनी बरोबरची खूण ओढली. हात त्या जागेला सरावलेला होता, चाचपडला नाही. वेंडेलला हायसं वाटलं. खूण नव्याने केलेली चालते, फक्त हुबेहूब हवी.

परीक्षक आला, हातात नियमांचं जाडजूड पुस्तक आणि टॉर्च. अर्धा तास तो कुठे कुठे डोकावला आणि खुणेपाशी थांबला.

"ही उलटी आहे. लांब रेघ डावीकडे गेलीय. कारखान्यात असं करत नसत. चार गुण कमी."

"मी डावखुरा आहे," ऑर्विल म्हणाले. "बावीस वर्षं अशीच केली."

"असेल हो, आजोबा. पण पुस्तकात नाही."

ऑर्विल परत खुर्चीत बसले. "जाऊ दे पोरी," ते नेडीनला म्हणाले, "पुस्तकात मी नाही."

नेडीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या पुस्तकवाल्याला चार शब्द सुनवायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात धाडकन आवाज झाला. दोन बोटांखेरीज बॉनेटला हात लावू न देणाऱ्या वेंडेलने ते आपटून बंद केलं होतं.

"बसा, ऑर्विल."

"गाडी हलवलीत तर स्पर्धेतून बाद करावं लागेल," परीक्षक म्हणाला.

"करा बाद!"

ऑर्विलना आत बसवायला दोघांनाही घाम फुटला. इंजिन गुरगुरलं.

"आणि मी रे?" नेडीन ओरडली.

"दोनच जण मावतात! तू ट्रेलर घेऊन ये."

"मेल्या, अकरा वर्षांत आजच सुचलं तुला!" तिने डोळे पुसले, त्याच ओल्या फडक्याने.

फाटकाशी समोरून एक निळी कॉर्व्हेट आत येत होती. तिच्या चालकाने हात केला. लाल गाडीच्या खिडकीआड ऑर्विलचा डावा हात वर गेला, बोटं अजून खडूने पांढरी होती.