ओळीच्या टोकाच्या वेली

ओदेतने पातेल्यावरचं झाकण काढलं, रश्श्यावर आलेली चरबी पळीने वाटीत काढली आणि चव न घेताच झाकण परत ठेवलं. रानडुकराचं मांस परवापासून घरच्या लाल वाइनमध्ये मुरलं होतं आणि पहाटेपासून मंद आचेवर शिजत होतं. वासाने स्वयंपाकघर भरून गेलं होतं. एरवी तिने चार वेळा तरी पळी तोंडाला लावली असती.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला रेमेदियोस भिजवलेले बदाम सोलत बसली होती. बदाम, लसूण, शिळा पाव आणि ऑलिव्हचं तेल वाटून ती गार सार करायची. वरून द्राक्षं सोडायची. द्राक्षतोडणीच्या शेवटच्या दिवशीच्या जेवणात हे पांढरं सार तिचं आणि रानडुक्कर ओदेतचं, असं तीसएक वर्षं चालत आलं होतं. सीमेपलीकडून, ग्रानादाकडच्या डोंगरातून ती दर सप्टेंबरात आपली माणसं घेऊन ओदेतच्या द्राक्षमळ्यावर यायची. पहिल्यांदा आली तेव्हा नवी नवरी होती. आता तिची सूनही तोडणीला होती. चारचौघांत ती ओदेतला मादाम म्हणायची आणि दोघीच असल्या की नुसतं ओदेत.

ती सारासाठी द्राक्षं आणायला बाहेर गेली तसा ओदेतचा नवरा आशिल आत आला. त्याच्या बोटांवर द्राक्षांचा जांभळा रंग सुकला होता.

"शेवटची गाडी रिकामी झाली," तो म्हणाला. मग आवाज उतरवून, "सांगितलंस?"

"जेवणानंतर सांगते."

"तीन आठवडे हेच ऐकतोय मी."

"मग तू सांग ना."

"मैत्रीण तुझी आहे," असं म्हणून तो तळघराकडे निघून गेला.

हिवाळ्यात त्याने शेजारच्या दोघांबरोबर भागीत तोडणीचं यंत्र ठरवलं होतं. ते पुढच्या वर्षीपासून येणार होतं. मग कात्र्या आणि पाट्या नकोत, वरच्या माळ्यावर अंथरुणं नकोत, इतक्या माणसांचा स्वयंपाक नको. ओदेतने विरोध केला नव्हता. तिची कंबर आता दुखायची. आल्या आल्या पहिल्याच संध्याकाळी सांगायचं, एवढं तिने मनाशी पक्कं केलं होतं. पण बसमधून उतरताच रेमेदियोसने तेलाचा डबा खाली ठेवून तिला मिठी मारली, पिशवीतून नातवाचे फोटो काढून दाखवले, आणि तो दिवस गेला.

पहिल्या रविवारी चर्चबाहेर वीदालने तिला गाठलं होतं. त्याचा मळा उतारावर. तिथे यंत्र चढणं शक्य नव्हतं.

"तुमची माणसं पुढच्या वर्षी मोकळी होणार म्हणे," तो म्हणाला. "मी घेतो त्यांना. चांगली माणसं आहेत."

रेमेदियोसला हे वीदालच्या तोंडून कळायला नको, एवढंच तेव्हा ओदेतच्या मनात आलं.

"छे, कोणी सांगितलं?" ती म्हणाली. "ती आमचीच माणसं आहेत."

पुढे दोनचार दिवसांनी दोघी चादरींच्या घड्या घालत होत्या. रेमेदियोसने एक चादर उजेडासमोर धरली.

"विरल्या गं या. पुढच्या वर्षी येताना गावाकडून नव्या आणू का?"

"आण," ओदेत म्हणाली होती.

आता तुतीच्या झाडाखाली लांब टेबल मांडलं होतं. सगळे हातपाय धुऊन, केस विंचरून बसले. सार आलं तसा आशिल पांढऱ्या वाइनची बाटली घेऊन उभा राहिला. कशाबरोबर काय प्यायचं हे तो दरवर्षी सांगायचा आणि दरवर्षी रेमेदियोसचा दीर एउसेबियो त्याला छेडायचा.

"सारात व्हिनेगर आहे," आशिल म्हणाला. "त्याच्यावर लाल प्यायलात तर सारही फुकट आणि वाइनही. दोघांची भांडणं होतात."

"तोंडात होतात हो, मालक. पोटात गेल्यावर मिटतात."

"तुझ्या पोटात काहीही मिटेल. दगडसुद्धा."

हशा पिकला. रश्श्याचं पातेलं आलं तेव्हा आशिल तळघरात जाऊन आला. या वेळी त्याच्या हातात मागच्या भिंतीकडच्या बाटल्या होत्या. त्याच्या आजोबांनी लावलेल्या कारिन्यान जातीच्या वेलींची ती वाइन. लेकीच्या लग्नात निघाली होती आणि त्यानंतर नाही.

"रानडुकराला हीच," तो म्हणाला आणि स्वतःच सगळ्यांचे ग्लास भरत गेला.

एउसेबियोने बाटली फिरवून तिच्यावरचं साल वाचलं. मग त्याने रेमेदियोसकडे पाहिलं. काहीतरी चावट बोलणार म्हणून सुनेने आधीच तोंडावर हात ठेवला होता, पण त्याने फक्त ग्लास उचलला. म्हणाला, "मादामच्या हाताला!"

सगळ्यांनी ग्लास उचलले. दरवर्षी याच घोटाला तो "पुढच्या वर्षाला!" म्हणायचा. ओदेतचा ग्लास ओठांपाशी थांबला. समोर सगळे जेवत होते, रश्श्यात पाव बुडवत होते, मांस सुरी न लावता सुटतंय म्हणून तिचं कौतुक करत होते. ती आतून चीज आणायच्या निमित्ताने उठली.

जेवणं आटोपल्यावर बाहेर गाणी सुरू झाली. दोघी मोरीपाशी उभ्या राहिल्या. ओदेत धूत होती, रेमेदियोस पुसत होती.

"रेमेदियोस," ओदेत म्हणाली, "पुढच्या वर्षी..."

"माहीत आहे."

ओदेतने नळ बंद केला.

"पहिल्याच सकाळी दिसलं," रेमेदियोस म्हणाली. ती ताट पुसतच होती. "प्रत्येक ओळीच्या टोकाच्या दोन-दोन वेली उपटल्यात तुम्ही. यंत्राला वळायला जागा लागते. नार्बोनकडच्या मळ्यांत बघितलंय मी."

"मग बोलली का नाहीस?"

"मळा तुमचा. मी कशी काढणार विषय?" तिने ताट चळतीवर ठेवलं आणि दुसरं घेतलं. "वीदाल माझ्याकडेही आला होता, कामाचं विचारायला. म्हणाला, मादाम तर म्हणतात तुम्ही त्यांचीच माणसं. मला वाटलं, बदलला असेल विचार. कोणी सांगावं? म्हणून चादरींचं मुद्दाम विचारलं तुला."

"मी आण म्हणाले."

"आण म्हणालीस. मग मी वीदालला नकार कळवून टाकला."

बाहेर एउसेबियो टाळ्यांचा ठेका धरून वरच्या पट्टीत गात होता. ओदेतने ओले हात एप्रनला पुसले, पुन्हा पुसले.

"मी आत्ता जाते वीदालकडे. मी सांगते त्याला, चूक माझी झाली."

"काल तो माणूस यंत्रासाठी शेड मोजायला आला ना, तेव्हाच एउसेबियो वीदालकडे जाऊन आला. व्हॅलेन्सियाची टोळी ठरली त्याची." तिच्या आवाजात राग नव्हता. बाजार बंद होता, एवढंच सांगावं तशी ती बोलली. "सुनेला रडू आलं. पोराचं नि तिचं घर अर्धं बांधून झालंय. बघू. बार्सिलोनाला एक हॉटेल आहे, तिथे बायका घेतात म्हणे."

ओदेत वाकून एकच ताट घासत राहिली.

"अगं, किती घासशील?" रेमेदियोसने ते तिच्या हातातून काढून घेतलं. "तुझ्यासाठी मी या सगळ्यांना आज दम देऊन बसवलंय. कोणी तोंड पाडायचं नाही म्हटलं. मादामने दोन दिवस खपून रांधलंय."

ते विसळून, पुसून तिने चळतीवर ठेवलं.

"फेब्रुवारीत आमच्याकडे बदाम फुलतात," रेमेदियोस म्हणाली. "सगळा डोंगर पांढरा होतो. इतकी वर्षं सांगतेय तुला. ये एकदा. आता सप्टेंबरात तर भेट नाहीच."

"येईन," ओदेत म्हणाली. "नक्की येईन."

रेमेदियोसने तिच्याकडे पाहिलं आणि फडकं खांद्यावर टाकलं.

"लगेच हो म्हणू नकोस, ओदेत."

ओदेतने पुढचं ताट पाण्यात घातलं.