कोणालाच न दिसलेलं स्थळ

प्रताप नगरात एका औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर रोहित ठवकरचं ऑफिस होतं. लग्न जुळवायचं ॲप त्यानं काढलं होतं, फक्त विदर्भातल्या स्थळांसाठी. मोठ्या कंपन्यांकडे लाखांनी स्थळं असतात, रोहितकडे काही हजार. पण उमरेड-काटोलच्या माणसांना पुण्या-मुंबईची स्थळं पाहून करायचं काय, असा त्याचा विचार होता आणि तो अगदीच चुकला नव्हता.

कोणाला कोणती स्थळं दाखवायची हे ठरवणारा प्रोग्रॅम काजल भोयरनं लिहिला होता. काजल रामटेककडची, घरी धानाची शेती, वयानं तिशी ओलांडलेली. तिचं स्वतःचं लग्न व्हायचं होतं. पण आपलं काम वेगळं आणि आपण वेगळ्या, असं ती धरून चालत असे. आईनं फोनवर विषय काढला की ती धानाला भाव काय मिळाला ते विचारी.

प्रोग्रॅममागची कल्पना कुठल्याही मध्यस्थाला कळेल इतकी साधी होती. दोन मुलांना तीन-चार सारखीच स्थळं पसंत पडली, तर त्यातल्या एकाला आवडलेलं पाचवं स्थळ दुसऱ्यालाही दाखवून पाहायचं. माणूस तोंडानं काय सांगतो ते सोडायचं, तो काय निवडतो ते धरायचं.

उन्हाळा लागता लागता एका दुपारी कौशल्या मोहोड नावाची बाई ऑफिसात आली. अडतीस-एकोणचाळीसची असेल. शहराला लागून असलेल्या वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात ती ट्रकांच्या बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, बनवायची. नवऱ्याशी काडीमोड होऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. स्कार्फ सोडून ती खुर्चीवर बसली, पाणी प्यायली आणि रोहितला म्हणाली,

"मले एकच विचाराचं आहे. माझं स्थळ कोनाले दिसून राहिलं का?"

"ताई, लग्न म्हणजे योग असतो," रोहित म्हणाला. "थोडा धीर धरा."

"धीर धरलाच ना. दिवाळीच्या आधीपासून धरून राहिली. एक फोन नाही, एक मेसेज नाही. नापसंत असंन तर असो. पण किती जणांनी नापसंत केलं तेवढं तरी सांगा. मले राग नाही येनार."

रोहितनं काजलकडे पाहिलं. काजलनं तिचं खातं उघडलं. स्थळ पहिल्या आठवड्यात मोजक्या लोकांना दाखवलं गेलं होतं, तेही यादीच्या पार तळाशी. तिथपर्यंत कोणी पोचलंच नव्हतं. त्यानंतर प्रोग्रॅमनं ते कोणापुढे ठेवलं नव्हतं.

खोटं बोलता आलं असतं. काजलनं ते टाळलं. "तुम्हाला कोणी नापसंत केलेलं नाही," ती म्हणाली. "तुमचं स्थळ कोणाला दिसलंच नाही."

कौशल्येनं स्कार्फ उचलला. मग म्हणाली, "म्हंजे इतके महिने मी उगाच आरशात पाहून राहिली होती."

ती गेल्यावर काजल बराच वेळ प्रोग्रॅमच्या तक्त्याकडे पाहत राहिली. एका बाजूला मुलं, एका बाजूला मुली, आणि ज्यानं जिला पसंत केलं तिथे एक खूण. लाखो चौकटींपैकी बहुतेक कोऱ्या. लोक आठ-दहा स्थळं पाहतात आणि फोन बाजूला ठेवतात. खुणा येणार कुठून? प्रोग्रॅम लिहिताना काजलनं कोरी चौकट म्हणजे नापसंती असं धरलं होतं. हे बरोबर नाही हे तिला तेव्हाही माहीत होतं. माणसं वाढली की आपोआप सुधारेल, म्हणून तिनं ते पुढे ढकललं होतं. माणसं वाढली. पण ज्या मुलींवर सुरुवातीला खुणा पडल्या त्याच सगळ्यांना दिसत गेल्या, त्यांच्यावर आणखी खुणा पडत गेल्या, आणि कौशल्येसारख्या तळाशी राहिल्या. शोधल्यावर अशा बऱ्याच निघाल्या. त्यात पुरुषही होते.

"कोरं म्हणजे नाही, हे काढून टाकते," तिनं रोहितला सांगितलं. "कोरं म्हणजे आपल्याला माहीत नाही, एवढंच. आणि प्रत्येकाच्या यादीत वरच्या काही जागा कधीच न दिसलेल्या स्थळांसाठी ठेवते."

"वरच्या जागा?" रोहित म्हणाला. "काजल, लोक पहिली चार पाहतात आन् ठरवतात ॲप चांगलं का भंगार. तिथं तू घटस्फोटवाल्या बसवून राहिली का?"

"सगळ्यांना नाही दाखवायच्या. ज्यांना पटतील असं वाटतं त्यांना."

"आन् ते कसं कळंन? खुणा तर नाहीत म्हणतेस."

प्रश्न बरोबर होता. खुणा नसतील तर दुसऱ्या कशाचा तरी आधार घ्यावा लागतो. काजलनं माणसांनी स्वतःबद्दल भरलेली माहिती घेतली: वय, शिक्षण, काम, गाव, पहिलं लग्न की दुसरं. या माहितीत ज्या कौशल्येच्या जवळच्या, त्या बायकांना ज्यांनी पसंत केलं, त्या पुरुषांना कौशल्या दाखवायची. पुस्तकात हाच उपाय दिलेला असतो. रोहितनं कुरकुरत थोड्या लोकांवर तो करून पाहायला परवानगी दिली.

दोन आठवड्यांत कौशल्येला फोन यायला लागले. काजलला आकडे दिसत होते, आणि ते चांगले होते. रोहितनंही मान डोलावली.

मग कौशल्येचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, पण थकलेला होता.

"मॅडम, हे लोक तुम्ही कुठून धाडून राहिले?"

"काय झालं?"

"एकाची आई अंथरुनावर आहे, तिचं करणारी पायजे त्याले. दुसऱ्याले तीन लेकरं. तो मले विचारते, स्वैपाक किती वाजता आटपते तुमचा? तिसरा म्हने, तुमच्या वयात आता निवडायचं काय राहिलं. सगळे एकाच साच्यातले. मी काय केलं का असेच येऊन राहिले?"

काजलनं फोन ठेवला आणि ते पुरुष तपासले. प्रोग्रॅमनं सांगितलं होतं तेच केलं होतं. घटस्फोट झालेल्या, चाळिशीकडे आलेल्या बायका. त्यांना पसंत करणारे पुरुष. त्या पुरुषांना कौशल्या. त्या बायकांना बायको म्हणून कोण शोधत होतं आणि कामाला हात म्हणून कोण, हा फरक माहितीत कुठेच नव्हता. कौशल्येबद्दल काही माहीत नव्हतं तिथे काजलनं तिच्यासारख्या बायकांची माहिती भरली होती. पण 'तिच्यासारख्या' कोण, हे काजलनंच ठरवलं होतं, आणि ठरवताना घटस्फोटाला सगळ्यात जास्त वजन दिलं होतं. तसं देताना तिला काही वावगं वाटलं नव्हतं. ही गोष्ट तिला आवडली नाही. आपल्या बाबतीत कोणी असंच वय पाहून बेरीज मांडली तर, हा विचार आला आणि तिनं तो बाजूला सारला; पण पूर्वीइतक्या सहज तो गेला नाही.

शनिवारी तिनं कौशल्येला ऑफिसात बोलावलं.

"तुम्ही स्वतः किती स्थळं पाहिली?" तिनं विचारलं.

"दोन-तीन. मले कोन पाहून नाही राहिलं, तर मी कोनाले पाहू?"

"आता पाहा. मी एकेक दाखवते, तुम्ही हो की नाही एवढंच सांगा. कारण सांगायची गरज नाही."

कौशल्या आधी अवघडली. मग खुर्ची पुढे ओढली. काजलनं स्थळं मुद्दाम निवडली होती, एकमेकांपासून शक्य तितकी वेगळी, म्हणजे थोड्याच उत्तरांत जास्त कळावं. पगारदार, दुकानदार, शेतीवाले, शहरातले, खेड्यातले. कौशल्येनं सरकारी नोकरीवाला नाकारला, बंगला असलेला नाकारला. तिशीतल्या एका भजनी मंडळातल्या माणसाला तिनं हो म्हटलं आणि स्वतःच हसली. "वय नाही जमणार. पन चेहरा बरा आहे त्याचा, बोलका आहे."

"चालेल. हो म्हणजे हो."

वीसेक उत्तरांत तिची आवड स्पष्ट दिसायला लागली. माहितीवरून ती ज्यांच्यात बसत होती त्यांच्याशी त्या आवडीचं काही नातं नव्हतं. तिच्यासारखी निवड करणाऱ्या बायकांत एक तिशीतली नर्स होती, एक बेकरी चालवणारी विधवा होती, आणि एक कधीच लग्न न झालेली शिक्षिका. काजलनं घटस्फोटाचं वजन उतरवलं, या उत्तरांचं चढवलं. नव्या माणसानं खातं उघडलं की आधी अशी थोडी स्थळं दाखवून हो-नाही विचारायचं, हेही तिनं पक्कं केलं. पूर्वी ती वाट पाहायची की माणसं कधीतरी खुणा करतील. आता विचारून घ्यायचं.

रोहितचे एकूण आकडे जरा खाली आले. पहिल्या पानावरच्या देखण्या मुलींना पूर्वीइतके मेसेज जात नव्हते. पण ज्यांना वर्षभर कोणी विचारलं नव्हतं त्यांना उत्तरं येत होती. रोहितनं दोन दिवस आकडे तपासले, मग म्हणाला, "राहू दे. पन आणखी खाली गेलं तर काढीन."

पावसाळा सरता सरता कौशल्येला श्रीधर भेटला. रामटेकचा, शेतातले पाण्याचे पंप दुरुस्त करणारा, पंचेचाळिशीचा बिजवर. दोघं गडावर फिरायला गेली, एकदा अंबाळ्याच्या तळ्याकाठी बसून आली. काजलला हे कौशल्येच्याच तोंडून कळलं; आताशा ती फोन करायची आणि 'मॅडम' जाऊन 'काजल' झालं होतं.

थंडीत तिचा फोन आला. "काजल, माझं स्थळ काढून टाक वं."

"जमलं?"

"तसं नाही. तो म्हने, वाडीची नोकरी सोड, रामटेकले ये. मी म्हटलं, नाही सोडत. मले वाटलं आता संपलं. तं तो पुढच्या रविवारी गोदामापाशी येऊन उभा. म्हने, मंग मीच येत जाईन. तेव्हापासून येऊन राहिला. लग्नाचं माझं अजून काही ठरलं नाही. त्याले बी घाई नाही. पन आता आनखी कोनाले पाहाचं नाही मले."

"खातं बंद करताना कारण द्यावं लागतं, ताई. लग्न जमलं, नाहीतर स्थळं आवडली नाहीत."

"दोन्ही खोटं आहे."

"मग 'इतर' लिहिते."

"लिही. आन् तू काहून अशी बोलून राहिली? सर्दी झाली का?"

"नाही," काजल म्हणाली.

रोहितला कळलं तेव्हा त्यानं जाहिरातीसाठी दोघांचा फोटो मागवायला सांगितलं. वाडी आणि रामटेक, दुसरी संधी, असं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं. काजलनं सांगितलं की लग्न झालेलं नाही, आणि होईल की नाही हे त्या दोघांनाही माहीत नाही. रोहित म्हणाला, मग यात आपण काय केलं? काजलनं थोडा विचार केला. "त्यांना एकमेकांना पाहता आलं," ती म्हणाली. रोहितला ते जाहिरातीला पुरेसं वाटलं नाही.

संध्याकाळी तिनं आईला फोन लावला. आईनं विषय काढला, आणि या वेळी काजलनं धानाच्या भावाचं विचारलं नाही.