गंजीतली सळई

हे घडलं २०१९ साली, फेब्रुवारी-मार्चात. साल पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षी आमच्या बाल्कनीतली एक फरशी करपली. फरशीचं पुढे येईलच.

ओमानातल्या सोहारपासून अर्ध्या तासावर सुलैमान अर्बाबची शेती होती; अर्बाब म्हणजे इथला मालक. खजूर, लिंबं आणि जनावरांसाठी लसूणघास. मुकादम एकनाथ, आमच्या संगमेश्वरकडचा. एरवी त्या कच्च्या रस्त्यावर शेळ्या आडव्या यायच्या, पण त्या शुक्रवारी चाळीसेक गाड्या उभ्या होत्या. कारखान्यांतले इंजिनियर, त्यांच्या इस्त्रीच्या साड्या नेसलेल्या बायका, आसपासच्या शेतांवरचे मजूर, सगळे खजुराच्या सावलीत दाटीने उभे. माझे यजमान शिरीष तर पुढच्या रांगेत. बत्तीस वर्षं पोलादाच्या भट्टीवर काढलेला माणूस, पण टाचा उंचावून बघत होता.

मधोमध सतरंजीवर धनेशगुरू. ठाण्याहून आलेले. ओमानात असले प्रकार चालत नाहीत, म्हणून त्यांच्या कार्डावर ‘ऊर्जा सल्लागार’ असं छापलं होतं.

"अग्नी म्हणजे काय?" गुरूंनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "अग्नी म्हणजे फ्रीक्वेन्सी! माणसाची फ्रीक्वेन्सी एकशेआठ. ह्या जमिनीची एकशेसात. एकाचा फरक आहे, म्हणून भडका!"

"लॉजिकल आहे गं," शिरीष माझ्या कानाशी पुटपुटले.

"कुणी मोजली?" मी विचारलं. त्यांनी मला गप्प राहायची खूण केली.

समोर तांब्याचं ताम्हन, त्यात थोडा काळसर अंगारा. गुरूंनी डोळे मिटले, कसलेसे मंत्र म्हटले आणि बाटलीतलं "मंत्रित तूप" अंगाऱ्यावर ओतलं. काडी नाही, लायटर नाही. आम्ही श्वास रोखून बघतोय तोवर धूर निघाला आणि भसकन जांभळट जाळ उठला. बायकांनी हात जोडले. एका तरुण मॅनेजरने मोबाइल खाली ठेवून साष्टांग घातला.

खोटं कशाला बोलू, मीही दचकले. पण मनात एक खटकलं. तूप जळलं तर वास कसा आला नाही?

एवढी गर्दी जमण्याचं कारण एकनाथने मला आधीच सांगितलं होतं. "काकू, एका महिन्यात घासाच्या दोन गंज्या जळल्या. माणूस नाय, काडी नाय, विडी नाय. आपोआप! गंजीच्या लगत आमची पत्र्याची खोली. सात माणसं झोपतात तिथं. तिसरी पेटली तर आम्ही काय खारे दाणे होणार काय?"

गुरूंनी उपाय सांगितला. तीर्थाचा थेंब विहिरीत टाकायचा आणि ते पाणी सकाळ-संध्याकाळ प्रत्येक गंजीवर मारायचं, एकवीस दिवस.

तेवढ्यात मागून एक आवाज आला. "बाबा, पानी नहीं. पानी नहीं अच्छा. घास गरम होता."

ती हाफिजा. अर्बाबच्या घरी कामाला, शेळ्याही तीच बघायची. इंडोनेशियाची, जावा बेटावरच्या एका भातशेतीच्या गावातली. तिची भाषा म्हणजे अरबी आणि हिंदीची भेळ होती.

गुरूंनी डोळे उघडले. तिच्याकडे बोट रोखलं. "ही! समुद्रापलीकडची बाई! आग्नेय दिशेची! हिची सावली चाऱ्यावर पडते. ही जाईपर्यंत अग्नी शांत होणार नाही."

गर्दी वळून तिच्याकडे बघू लागली. ती हातातली घासाची पेंडी छातीशी धरून उभी राहिली.

संध्याकाळपर्यंत मजुरांनी ठरवलं, ही इथे असेल तर आम्ही कामाला हात लावणार नाही. कुणी म्हणालं, हिनेच पेटवली असेल, पोलिसांत द्या. सुलैमान अर्बाब म्हातारा, सज्जन माणूस. पण एकटा तरी काय करणार? "पुढच्याच्या पुढच्या शुक्रवारी बघू," म्हणाला. "तोवर आग नाही लागली तर ठीक. लागली तर खलास, हाफिजा घरी." हाफिजाची मुलगी तिकडे नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. घरी जायचं, तेही आग लावल्याचा डाग घेऊन.

दहा दिवसांनी मी लिंबं आणायच्या निमित्ताने शेतावर गेले. सकाळची वेळ. मजूर नळी धरून गंजीवर मनोभावे पाणी मारत होते. ते गेल्यावर हाफिजा गोठ्याआडून आली. हातात बांधकामाची लोखंडी सळई, पुरुषभर लांब. तिने ती गंजीत खोलवर खुपसली आणि खाली बसली.

"काय करतेस गं?"

"बैठो मामा. दस मिनिट." मामा म्हणजे बाईसाहेब; इकडे घरकामाच्या बायका असंच म्हणतात.

त्या दहा मिनिटांत तिने मला आपलं गाव सांगितलं. घरं लाकडाची आणि बांबूची, एकमेकांना खेटून. एक पेटलं की दहा जाणार. म्हणून दर कोपऱ्यावर पोकळ लाकडाचा ओंडका टांगलेला. चोर आला की ठोके वेगळे, पूर आला की वेगळे, आगीचे वेगळे. लहान पोरंसुद्धा ठोके ओळखतात. घराघराने पाळीपाळीने राखण करायची. राखणदाराने दारोदार ठेवलेले मूठमूठ तांदूळ गोळा करायचे. ज्या दाराचे तांदूळ सकाळी तसेच राहिले, तिथे तो फिरकलाच नाही हे अख्ख्या गावाला कळतं! आणि कापणीनंतर ओला पेंढा रचला, की तिचा बाप रोज सकाळी त्यात सळई खुपसायचा.

"कशाला?"

तिने सळई ओढून काढली. "हाथ लगाओ."

मी टोकाला बोट लावलं आणि तोंडात घातलं. चटकाच बसला!

"घास गीला, बीच में सड़ता. सड़ता तो गरम. बहुत गरम, फिर आग. बाबा पानी डालता, और गरम." तिने पदराने हात पुसावेत तसे ओढणीने पुसले. "मैं बोलेगी तो कौन सुनेगा? बोलेगा, इसने आग रखा."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पहिल्या दोन गंज्याही जानेवारीच्या दवात, घाईघाईने, ओल्याच रचल्या होत्या. एकनाथनेच मला सांगितलं होतं. म्हणजे आजार आपला आपण झाला होता आणि औषधाने तो वाढत होता.

आता राहिलं ताम्हन. परतताना पिकअपमध्ये माझ्या डोळ्यांसमोर गुरूंची बोटं आली. नखांच्या कडा तपकिरी. असली बोटं मी पाहिली होती. कुणाची? माझीच! पंच्याऐंशी साली मी ह्या देशात आले, तेव्हा बाजारातून आणलेली पालेभाजी आम्ही बायका औषधाच्या दुकानातली पोटॅशियम परमँगनेटची काळसर पूड टाकलेल्या जांभळ्या पाण्यात धुवायचो. बोटं आठवडाभर तपकिरी राहायची. शिरीष तेव्हा म्हणायचे, मेंदी बिघडली वाटतं.

औषधाच्या दुकानात जाऊन ती पूड घेतली. दुकानदाराला विचारलं, तुपासारखं दाट, बिनवासाचं काय असतं? तो म्हणाला, ग्लिसरीन. बाल्कनीत बशी ठेवली, तीत पूड घातली, वर ग्लिसरीन ओतलं.

"रेखा, हा काय पोरखेळ!" शिरीष पेपरमागून म्हणाले.

"तुम्ही मंत्र म्हणू नका म्हणजे झालं."

मोजून अर्ध्या मिनिटात बशी तडकली, जाळ खाली उतरला आणि शिरीष पेपर टाकून उभे. "अगं फरशी! फरशी गेली!"

"एकशेआठ आणि एकशेसात," मी म्हणाले. "एकाचा फरक."

शुक्रवारी गर्दी दुप्पट होती. अर्बाब खुर्चीवर, हातात कहव्याचा पेला. हाफिजाची बॅग दाराशी भरून ठेवलेली. मला ती बॅग बघवेना. गुरूंनी ताम्हन मांडलं तशी मी पुढे झाले.

"गुरुजी, घरचं साजूक तूप आणलंय. आज माझ्या तुपाने करा."

"मंत्रित नाही ते, माताजी."

"मग मंत्र म्हणा की. मंत्र तुमच्याकडेच आहेत ना?"

मागे कुणीतरी हसलं. अर्बाबने पेला खाली ठेवला. गुरूंचा नाइलाज झाला. मंत्र झाले, तूप ओतलं. तूप अंगाऱ्यावर गुमान बसून राहिलं. वास मात्र असा सुटला, की एकनाथ म्हणाला, "काकू, भात पण आणायचा होता."

"आता तुमच्या बाटलीतलं," मी म्हणाले आणि त्यांनी हात पुढे करायच्या आत ती उचलली. दुसऱ्या बशीत त्यांचाच अंगारा घेतला, वर बाटली उपडी केली, डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणू लागले, "अळूची पानं उलटी ठेवावीत. बेसनात चिंच, गूळ, तिखट घालावं. पानावर पातळ सारवावं…"

वळकट्या बांधायच्या आत भडका उडाला. अख्खी गर्दी हसली. साष्टांग घालणाऱ्या मॅनेजरने तर शिट्टी मारली.

पण गुरूही कच्चे नव्हते. ओरडून म्हणाले, "हा खेळ झाला! गंजी कोण पेटवतं ते सांगा! आहे उत्तर?"

गर्दी माझ्याकडे वळली. मी हाफिजाकडे बघितलं. ती घाबरलेली होती, पण आली. सकाळीच तिने दोन गंज्यांत सळया खुपसून ठेवल्या होत्या. एक खोलीलगतची, रोज पाणी मारलेली. दुसरी पाटापलीकडची. घास तोच, कापणी तीच, पण तिथवर नळी पोचत नाही म्हणून एकनाथने कंटाळा केला होता.

"एकनाथभाई, निकालो," ती म्हणाली.

पलीकडची सळई एकनाथने काढली, गालाला लावली. "गार हाय." मग खोलीलगतची काढली आणि "आयो!" करत दूर भिरकावली. सळईच्या भोकातून धुराची बारीक रेघ वर आली.

"यल्ला! चला, फावडी घ्या!" अर्बाब ओरडला. मजुरांनी गंजी फोडली. वरचे गठ्ठे हिरवे, त्याखालचे तंबाखूसारखे आणि मधले कोळशासारखे काळे. वारा लागताच मधे लाल निखारे दिसले. तयार ठेवलेलं पाणी तिथे ओतलं. एक-दोन दिवस उशीर झाला असता, तर पत्र्याच्या खोलीतली सात माणसं भाजून निघाली असती. त्यांतल्याच एकाने, ज्याने पोलिसांत द्या म्हटलं होतं, हाफिजाची बॅग उचलून आत नेऊन ठेवली.

शिरीष वाकून निखारे बघत होते. "भट्टीचं तापमान रोज मोजायचात ना?" मी विचारलं. "गंजीचं मोजायचं सुचलं नाही?"

"तिला सुचलं ना," ते म्हणाले. मग तिच्याकडे वळून त्यांनी भर उन्हात डोक्यावरची टोपी काढली.

माझं सांगणं एवढंच. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी एकदा वास घ्यावा, एकदा बोट लावून बघावं. आणि एखाद्या माणसावर खापर फुटत असेल, तर तो माणूस काय सांगतोय ते आधी ऐकावं. हाफिजाने पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं, चार शब्दांत. आम्ही शिकलेले लोक फ्रीक्वेन्सी ऐकत होतो.

धनेशगुरूंना अर्बाबने पोलिसांची नुसती आठवण करून दिली. ते त्याच दिवशी मस्कतला आणि दुसऱ्या दिवशी मायदेशी. आता इंटरनेटवर पाण्याची फ्रीक्वेन्सी सांगतात म्हणे. तो मॅनेजर कॅनडाला गेला. सुलैमान अर्बाब करोनाच्या दुसऱ्या वर्षी गेला. त्याच्या मुलाने मजुरांची खोली गंज्यांपासून दोनशे पावलांवर नवी बांधली आणि दाराशी लोखंडी पाइप टांगला. आगीचे ठोके वेगळे, हाफिजाने शिकवलेले. एकनाथ गावी परतला. स्वतःच्या पेंढ्यात सळई खुपसतो आणि विचारणाऱ्याला म्हणतो, ताप बघतोय. आम्ही अजून सोहारलाच, मुलाकडे, त्याच घरात. शिरीष पाहुण्यांना करपलेली फरशी दाखवतात आणि गोष्ट अशी सांगतात, जणू शोध त्यांनीच लावला. मी सांगू देते.

हाफिजा एकवीस साली घरी गेली, स्वतःच्या मर्जीने. मुलगी आता सरकारी दवाखान्यात नर्स आहे. दर कापणीनंतर हाफिजाचा एक फोटो येतो: पेंढ्याची रास, तिच्यात उभी सळई, मागे टांगलेला तो ओंडका. खाली मजकूर दरवेळी तोच.

"मामा, ठंडा है."