साखरेच्या बिंदल्या

माझ्या लेकीचं, अरूचं, बोरनहाण रविवारी करायचं ठरलं आणि मी घरात जाहीर करून टाकलं, "हलव्याचे दागिने वगैरे काही नाहीत. काळं झबलं घालू, बोरं टाकू, बास."

चित्रा, माझी नणंद, तेव्हा मागावर बसली होती. शहात्तर साली संत तुकाराम नगरातल्या आमच्या दोन खोल्यांत माग होता म्हटलं तर कुणाला खरं वाटत नाही. पण कंपनीत मशिनं ज्या खोक्यांतून येतात त्यांच्या फळ्या अनंतनं आणल्या आणि बहिणीला टेबलावर मावेल एवढा माग करून दिला. त्यावर ती अरुंद पट्ट्या विणायची आणि विणता विणता त्यांत मणी, मोती, कवड्या, मिळेल ते गुंफायची. तिचं कापड कुठे संपतं आणि दागिना कुठे सुरू होतो, ते कळायचं नाही. अरू जन्मल्यापासून तिच्या पहिल्या संक्रांतीचे दागिने चित्राच्या डोक्यात होते. कोळशाच्या शेगडीपाशी बसून, बोटं पोळून घेत, तिनं स्वतः हलव्यावर काटा आणला होता.

"पण का, वहिनी?" धोटा तिच्या हातातच राहिला.

"एखादा दाणा घशात अडकला म्हणजे?"

"हिला बी.ए.ला मानसशास्त्र होतं," अनंत म्हणाला. "त्यामुळे हिच्या सगळ्या भीत्या अगदी पद्धतशीर असतात."

मी लक्ष दिलं नाही. अरूच्या तोंडातून मी तोवर काय काय काढलं होतं ते माझं मला माहीत. बटण, भिंतीचा पोपडा, आणि ह्याच्याच खिशातून पडलेला वॉशर!

चित्रा रुसली असती तर परवडलं असतं. ती नुसती हलव्याचा डबा उघडायची, बघायची, बंद करायची. मला ते बघवेना.

दुपारी तिनंच विचारलं, "न निसटणारे केले तर?"

"मी ओढून बघणार."

"ओढा की!"

पहिल्यांदा तिनं दोऱ्याच्या गाठी मारून हार केला. मी हिसका दिला तर दाणे माझ्या तळहातावर आले. तिनं मागावर काळं सूत चढवलं आणि मनगटात घालायच्या बिंदल्यांसाठी पट्टी विणायला घेतली. एक दोरा दाण्याच्या वरून, एक खालून. प्रत्येक दाण्याला स्वतःचा खिसा. मी नखानं ओढलं. मग अनंतची पक्कड आणली. दाणा फुटला, पण खिशातून सुटला नाही.

"आता?"

"आता घाल बाई," मी म्हटलं. तिनं धोट्यासकट मला मिठी मारली.

रविवारी पिंपळे सौदागरच्या गोजाबाई, आमच्याकडे रोज दूध घालायच्या त्या, शेतातली बोरं आणि उसाचे करवे घेऊन आल्या. "आगं बया, ही तर राधाच दिसतीया!"

बोरं पडली, पोरं तुटून पडली. अरूनं एकाही बोराकडे पाहिलं नाही. तिनं उजवं मनगट तोंडात घातलं आणि चोखायला लागली. मी झेप घेऊन तिचा डावा हात तेवढा पकडला.

"सुटणार नाही, वहिनी," चित्रा म्हणाली आणि मध्येच थांबली. "पण विरघळेल."

ओढून पाहिलं, पक्कड लावून पाहिलं; ती साखर आहे, हे दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं! बघता बघता बिंदली बोडकी झाली.

"आख्खा दागिना खाल्ला की वं पोरीनं!" गोजाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "चोराची गरजच न्हाई ऱ्हायली."

सगळ्या बायका हसल्या. मी मात्र चित्राकडे बघत होते. एवढ्या दिवसांची मेहनत! तिनं अरूच्या हातातून ती ओली पट्टी हळूच काढली, खिडकीशी नेली, उजेडात धरली. दाण्यादाण्याच्या जागी बारीक बारीक डोळे उरले होते.

"वहिनी, जाळी बघा! मुद्दाम विणायला गेले असते तर जमली नसती मला." तिचा चेहरा असा उजळला होता की मला अरूचा विसर पडला. "अजून एक हवी. जोडी लागेल ना!"

अरूनं मोकळं मनगट चोखून पाहिलं आणि भोकाड पसरलं. तिचा डावा हात, दुसऱ्या बिंदलीसकट, अजून माझ्या मुठीत होता.

मी तो सोडला.